८१९१चा ताळा : मोठी मूळ संख्या वहीवर कशी पारखावी

लक्ष्मी रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात मी एकतीस वर्षं हिशेब लिहिले. रोजकीर्द, खतावणी, वर्षअखेरीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे या दोन बाजू जुळवून बघणं. तेरीज जुळली नाही की आधी फरकाला ९नं भाग जातो का ते बघायचं, हे तिथल्या जुन्या दिवाणजींनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. भाग गेला की समजायचं, कुठंतरी ५७चे ७५ झालेत. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९च्या पटीत येतो. ही एक गोष्ट मला पुढं मूळ संख्यांच्या कामात इतकी उपयोगी पडली की हे सगळं लिहून ठेवावंसं वाटलं.

सुरुवात सईनं केली. ती आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, तेव्हा नववीत होती. २०२४च्या दिवाळीच्या थोडं आधी ती मोबाइल घेऊन आली. "आजोबा, चार कोटी अंकांची मूळ संख्या सापडली म्हणे. तुम्ही सांगा, हिला दोननं, तीननं, पाचनं असं भागत कोण बसलं?"

कुणीच बसलं नव्हतं. ज्या रीतीनं ती संख्या पारखली गेली, त्याच रीतीनं तिची धाकटी भावंडं आपण वहीवर पारखू शकतो. त्यासाठी गुणाकार, वजाबाकी आणि भागाकार यांपलीकडं काही यावं लागत नाही. मी आणि सईनं हे कसं केलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही घरी करता येईल.

साहित्य थोडंच आहे. अप्पा बळवंत चौकातून चौकटींची एक मोठी वही आणा. मोठे गुणाकार चौकटीत एकाखाली एक नीट बसतात, रेघांच्या वहीत अंक सरकतात. दोन रंगांची पेनं हवीत : निळं कामाला, लाल ताळ्याला. आणि एक जाड पुठ्ठा. कॅल्क्युलेटर पहिल्या फेरीला जवळ ठेवू नका. आम्ही हे बरंचसं गुरुवारी दुपारी केलं, दुरुस्तीसाठी वीज गेलेली असताना, गॅलरीतल्या उजेडात.

कुठल्या संख्या घ्यायच्या

२ स्वतःशी गुणत जा : २, ४, ८, १६, ३२… आणि प्रत्येकातून १ काढा. १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७. या मर्सेन संख्या. मरँ मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू. त्यानं १६४४ साली यांतल्या कुठल्या मूळ आहेत याची यादी दिली. त्या यादीत पुढं चुका निघाल्या : ६७ आणि २५७ हे घात त्यात चुकून आले होते आणि ६१, ८९, १०७ हे राहून गेले होते. नाव मात्र त्याचंच राहिलं.

घात मूळ नसेल तर संख्या मूळ असूच शकत नाही. सहावा घात घ्या : ६३. सहाला २ आणि ३नं भाग जातो, म्हणून ६३ला ३ (दुसऱ्या घाताची संख्या) आणि ७ (तिसऱ्या घाताची) यांनी भाग जातो. तेव्हा घात २, ३, ५, ७, ११, १३ असेच घ्यायचे. पण घात मूळ असला म्हणून संख्या मूळ ठरत नाही. अकरावा घात उणे एक म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. खरं काम इथून सुरू होतं.

आधी चाळण

२३ हा २०४७चा भाजक कसा निघाला ते जरा थांबून बघा, कारण याच्यातच पहिली युक्ती आहे. १पासून दुप्पट करत जा आणि दरवेळी २३नं भागून बाकीच तेवढी लिहा :

१, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, आणि पुन्हा १.

अकरा पावलांत फेरा पुरा झाला. म्हणजे २चा अकरावा घात २३नं भागला की बाकी १ राहते, म्हणून त्यातून १ काढला की भाग निःशेष जातो. आता या फेऱ्यात न आलेली एखादी बाकी घ्या, समजा ५, आणि तिच्यापासून दुप्पट करत चला : ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, पुन्हा ५. हाही फेरा अकराचाच. १ ते २२ या बावीस बाक्या अकरा-अकराच्या दोन पंगतींत पुऱ्या बसल्या, एकही मागं राहिली नाही. सईला हे मी ताटं मांडल्यासारखं मांडून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भाजकातून एक काढला की त्याला अकरानं भाग जायलाच हवा!" अगदी तेच. आणि भाजक विषम, त्यामुळं एक काढल्यावर २नंही भाग जातो. २३ − १ = २२. ८९ − १ = ८८. दोन्ही २२च्या पटीत.

नियम असा : घात १३ असेल तर ८१९१चा कुठलाही मूळ भाजक २६च्या पटीत १ मिळवून येतो. घात १७ असेल तर ३४च्या पटीत १ मिळवून.

जोडीला आणखी एक अट आहे. भाजकाला ८नं भागल्यावर बाकी १ किंवा ७च यायला हवी. ३ किंवा ५ आली की त्याला सोडून द्या. हिची उपपत्ती लांबची आहे, ती संख्या-सिद्धांतातल्या वर्गबाक्यांच्या प्रकरणात येते. इथं अट वापरली तरी पुरे.

आता ८१९१. हिचं वर्गमूळ नव्वदीच्या थोडं पुढं, म्हणून ९०पर्यंतचेच भाजक तपासायचे. २६च्या पटीत एक मिळवला की येतात २७, ५३, ७९. २७ मूळ नाही. ५३ला ८नं भागून बाकी ५, बाद. राहिला ७९. ७९ × १०३ = ८१३७, बाकी ५४. भाग जात नाही. एका भागाकारात ८१९१ मूळ ठरली. शाळेच्या रीतीनं ८९पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे चोवीस मूळ संख्यांनी भागावं लागलं असतं.

सतराव्या घाताची १३१०७१ घेतली तर १०३, १३७ आणि २३९ हे तीनच उमेदवार उरतात. बाक्या अनुक्रमे ५५, ९९ आणि ९९. शेवटच्या दोन सारख्या आल्या तेव्हा मी दोन्ही भागाकार पुन्हा केले. चूक नव्हती : १३७ × २३९ची चौपट १३०९७२ होते, आणि दोन्हीकडून भागत आपण त्याच संख्येपाशी येऊन थांबतो. एकोणिसाव्या घाताची ५२४२८७ घेतली तर १९१, ४५७, ६४७, पुन्हा तीनच. पिएत्रो कॅटाल्डी या इटालियन गणितज्ञानं १५८८ साली या दोन्ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं, तेव्हा ही चाळण त्याच्या हाताशी नव्हती. ५२४२८७चं वर्गमूळ ७२४च्या थोडं पुढं, आणि ७२४च्या खाली १२८ मूळ संख्या आहेत. त्यानं बसून किती भागाकार केले असतील याचा विचार केला की मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

लुकासची शिडी

चाळणीला मर्यादा आहे. एकतिसाव्या घाताची संख्या २,१४,७४,८३,६४७. स्विस गणितज्ञ ऑयलरनं ती १७७२ साली चाळणीनंच मूळ ठरवली, पण त्यासाठी भाजक ४६,३४०पर्यंत न्यावे लागतात. त्यापुढं घात वाढला की उमेदवारांची संख्या हाताबाहेर जाते.

१८७६ साली एद्वार लुकास या फ्रेंच गणितज्ञानं वेगळीच वाट काढली, आणि १९३०च्या सुमारास डेरिक लेहमरनं तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. कृती अशी :

४ लिहा. त्याचा वर्ग करा, २ वजा करा, आपल्या मर्सेन संख्येनं भागा, बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातातून २ वजा केल्यावर जितके येतील तितक्या पायऱ्या. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं तर संयुक्त.

आधी १२७वर हात बसवा. घात ७, म्हणजे पाच पायऱ्या. ४चे १४. १४चे १९४, त्यातून १२७ गेले, उरले ६७. ६७चा वर्ग ४४८९, वजा दोन ४४८७, बाकी ४२. ४२चे १७६२, बाकी १११. १११चे १२३१९, आणि १२७ × ९७ बरोबर १२३१९. शून्य. ही पाच ओळींची शिडी सईनं दहा मिनिटांत उतरली आणि पुढचा अर्धा तास "पण हे असं का होतं?" म्हणून मला सोडलं नाही.

तिला जेवढं सांगितलं तेवढं तुम्हालाही सांगतो. २ + √३ आणि २ − √३ या दोन संख्या घ्या. त्यांची बेरीज ४, गुणाकार १. दोघींचे वर्ग ७ + ४√३ आणि ७ − ४√३, त्यांची बेरीज १४, गुणाकार पुन्हा १. बेरजेचा वर्ग केला की दोन वर्ग आणि दोघींच्या गुणाकाराची दुप्पट मिळते. गुणाकार कायम १, म्हणून दरवेळी २ वजा केले की वर्गांची बेरीज हातात राहते. ४, १४, १९४ ही त्या जोडीची बेरीज आहे, दर पायरीला घात दुप्पट होत जाणारी. मर्सेन संख्या मूळ असेल तर हा दुपटीचा फेरा ठरल्या पायरीला नेमका शून्यावर येतो. मगाशी २३च्या पंगती बघितल्या, तसलाच फेरा, फक्त √३ला सोबत घेऊन फिरणारा.

आता ८१९१ नीट, सावकाश

पुठ्ठ्यावर ८१९१चा पाढा ९पर्यंत लिहून घ्या : ८१९१, १६३८२, २४५७३, ३२७६४, ४०९५५, ४९१४६, ५७३३७, ६५५२८, ७३७१९. भागाकारात दरवेळी गुणत बसण्यापेक्षा पुठ्ठ्याकडं बघायचं. हा पाढा दोनदा तपासा. यात चूक राहिली तर ती प्रत्येक पायरीत शिरते.

दुसरी सोय मी हिशेबातून आणली. बाकी ८१९१च्या निम्म्याहून, म्हणजे ४०९५हून मोठी असेल तर ती 'नावे' टाका. ४८७० आली तर ८१९१मधून वजा करा, ३३२१. म्हणजे ३३२१ देणं आहे असं धरा. पुढच्या पायरीत वर्गच करायचा आहे, त्यामुळं उणे चिन्हानं काही बिघडत नाही आणि गुणाकार लहान होतो.

तिसरी गोष्ट ताळ्याची. तिच्याशिवाय पुढं जाऊ नका. नवाचा ताळा म्हणजे अंकांची बेरीज, एक अंक उरेपर्यंत. ८१९१चा ताळा : ८ + १ + ९ + १ = १९, मग १०, मग १. ताळा १ आला हे मोठं भाग्य, कारण मग भागाकाराचा ताळा आणि बाकीचा ताळा यांची नुसती बेरीज भाज्याच्या ताळ्याशी जुळली की झालं. एक पायरी करून दाखवतो :

३९५३चा वर्ग १,५६,२६,२०९. त्यातून २ गेले, १,५६,२६,२०७. ८१९१नं भागले, भागाकार १९०७, बाकी ५९७०.
ताळा : भाज्याचा २. भागाकाराचा ८, बाकीचा ३, बेरीज ११, म्हणजे २. जुळला.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या फेरीत मी फक्त नवाचा ताळा धरला होता. अकरा पायऱ्या झाल्या आणि शेवटी आलं ३५०१. शून्य नाही. चाळण म्हणत होती ८१९१ मूळ आहे, लुकासची शिडी म्हणत होती नाही. दोन दिवस मी वही उघडून बसलो. सगळ्या पायऱ्यांचे ताळे जुळत होते. तिसऱ्या दिवशी शनिपाराशी भाजी घेताना दिवाणजींचं बोलणं आठवलं आणि तिथंच लख्ख कळलं : अंकांची अदलाबदल झाली असेल तर नवाचा ताळा ती पकडूच शकत नाही! फरक ९च्या पटीत असतो, तो ताळ्यात विरून जातो. तेरीज जुळवताना ज्या खुणेनं चूक सापडायची, तीच खूण इथं चूक लपवत होती.

घरी येऊन अकराचा ताळा लावला. उजवीकडून सुरू करा, एक अंक मिळवा, पुढचा वजा करा, असं डावीकडं जा. उत्तर उणे आलं तर त्यात ११ मिळवत जा. ८१९१चा अकराचा ताळा ७. सहाव्या पायरीत भाज्य ४९,३२,८३९ होता, त्याचा ताळा १०. भागाकार ६०२, त्याचा ८. ७ × ८ = ५६, ११नं भागून बाकी १. मी बाकी लिहिली होती १८७५, तिचा ताळा ५. १ + ५ = ६, आणि हवे होते १०. खरी बाकी १८५७, तिचा ताळा ९, आणि १ + ९ = १०. ५७चे ७५ झाले होते. दिवाणजी हयात असते तर मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो असतो.

तेव्हापासून प्रत्येक पायरीला दोन्ही ताळे, लाल पेनानं, समासात. पायरीचं उत्तर पुढच्या ओळीवर उतरवतानाही ताळे बरोबर उतरवा. नाही तर नकलताना झालेली अदलाबदल कुणाच्याच लक्षात येत नाही.

बरोबर शिडी अशी उतरते. कंसातले आकडे 'नावे' टाकलेले :

४
१४
१९४
४८७० (३३२१)
३९५३
५९७० (२२२१)
१८५७
३६
१२९४
३४७०
१२८
०

सातव्या पायरीला ३६ दिसले की हायसं वाटतं, पुढची पायरी तोंडीच होते. पण माझं सगळ्यात आवडतं घर शेवटून दुसरं. १२८ म्हणजे २चा सातवा घात. त्याचा वर्ग चौदावा घात, १६३८४. दोन वजा, १६३८२, पुठ्ठ्यावरची दुसरीच ओळ, ८१९१ची दुप्पट. शून्य यायच्या आधी ही जागा अशीच दिसते, ही लहर नाही. संख्या मूळ असेल तर शेवटून दुसऱ्या पायरीवर २चाच घात येतो, जमा नाही तर नावे. तो कितवा घात हे काढायला घातात १ मिळवून निम्मं करायचं. १३चे ७. १२७च्या शिडीत १११ आले होते ते आठवा : १२७ − १११ = १६, २चा चौथा घात, आणि ७चे बरोबर ४. म्हणजे शेवटचा भागाकार करायच्या आधीच काय होणार ते कळतं.

शून्य आलं तर निश्चिंत व्हा. चुकत चुकत नेमकं शून्यावर येणं सहसा घडत नाही. पण शून्य आलं नाही तर लगेच संयुक्त म्हणू नका, आधी ताळे पुन्हा पाहा. २०४७वर ही शिडी करून बघा. नऊ पायऱ्यांनंतर १७३६ येतात आणि तेच बरोबर उत्तर आहे. त्यात एक कमतरता जरूर आहे : १७३६ बघून २३ आणि ८९ कळत नाहीत. शिडी संयुक्त आहे एवढं सांगते, भाजक सांगत नाही. सदुसष्टाव्या घाताचं असंच झालं. ती संयुक्त आहे हे लुकासनं १८७६ सालीच दाखवलं होतं, भाजक मात्र फ्रँक नेल्सन कोलनं १९०३मध्ये मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. पहिल्यातून १ काढा आणि १३४नं भागा. भाग बरोबर १४,४५,५८० वेळा जातो. आपली चाळण तिथंही खरी ठरते.

लुकासनं स्वतः हातानं १२७व्या घाताची संख्या मूळ ठरवली. ३९ अंकांची संख्या आहे ती. यंत्राची मदत न घेता पारखलेली तिच्याहून मोठी मूळ संख्या नाही.

सईच्या चार कोटी अंकांचं काय

ती संख्या म्हणजे २चा १३,६२,७९,८४१वा घात उणे १. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या मर्सेन संख्यांच्या शोधमोहिमेत ल्यूक ड्युरंट यांना ती ऑक्टोबर २०२४मध्ये सापडली. सापडलेली ही बावन्नावी मर्सेन मूळ संख्या. डब्लिनमधल्या एका यंत्रानं ११ तारखेला ती बहुधा मूळ आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या यंत्रानं हीच शिडी, ४ पासून शून्यापर्यंत, उतरून दाखवली. पायऱ्या १३,६२,७९,८३९. त्यानंतर वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी ती पुन्हा तपासली, तेव्हा २१ तारखेला जाहीर केलं. त्या मोहिमेत शून्य न आलेल्या संख्याही दुसऱ्या यंत्रावर पुन्हा करून बघायची पद्धत वर्षानुवर्षं होती. कारण तुम्हाला आता माहीत आहे : माझे ३५०१.

शिडी आपल्याला झेपणार नाही, पण या संख्येचे काही गुण वहीच्या एका पानात निघतात.

अंक किती? घाताला २च्या लॉगनं गुणा. सईनं आधी लॉगटेबलातला ०.३०१० घेतला आणि ४,१०,२०,२३३ अंक काढले. चार हजार सत्त्याऐंशी अंक कमी पडले! घात एवढा मोठा असताना चार दशांश स्थळं पुरत नाहीत. ०.३०१०२९९९५६६ घ्या. गुणाकार येतो ४,१०,२४,३१९.९४. पूर्णांकात १ मिळवा, ४,१०,२४,३२० अंक. उरलेला ०.९४ हा ८च्या लॉगच्या (०.९०३१) पुढं आणि ९च्या लॉगच्या (०.९५४२) आत आहे, म्हणून पहिला अंक ८. सेकंदाला एक अंक लिहिला तर पावणेपाचशे दिवस लागतील, रात्रंदिवस.

शेवटचे अंक कुठले? ८पासून पुढं २च्या घातांचे शेवटचे तीन अंक दर शंभर घातांनी तेच येतात. आपल्या घाताचे शेवटचे दोन अंक ४१. म्हणून २चा ४१वा घात काढा : २१,९९,०२,३२,५५,५५२. शेवटी ५५२, त्यातून १ गेला. संख्या ५५१नं संपते.

आणि नवाचा ताळा. २चे घात ९नं भागत गेलं की बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा सहाच्या फेऱ्यानं येतात. ३च्या पुढच्या मूळ घाताला ६नं भागलं की बाकी १ किंवा ५च राहते. म्हणून ७च्या पुढच्या कुठल्याही मूळ मर्सेन संख्येचा ताळा १ किंवा ४ असतो, तिसरा नाही. ३१चा ४, १२७चा १, ८१९१चा १, १३१०७१चा ४, ५२४२८७चा १. तपासून बघा. १३,६२,७९,८४१ला ६नं भागून बाकी ५, म्हणून त्या चार कोटी अंकांच्या संख्येचा ताळा ४. सगळे अंक एकाखाली एक लिहून बेरीज करत गेलात तर शेवटी ४ उरणार. सईनं हे लाल पेनानं वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं.

तुम्ही ८१९१ उतरलात की १३१०७१ घ्या. पंधरा पायऱ्या आहेत, दोन संध्याकाळी पुरतात. ताळा ४ असल्यामुळं भागाकाराच्या ताळ्याला ४नं गुणून मग बाकीचा ताळा मिळवायचा, एवढं विसरू नका. मधे कुठं चुकत तर नाही ना हे बघायला खूण देतो : सातव्या पायरीला ५३६४५ आणि चौदाव्या पायरीला १३०५५९, म्हणजे ५१२ नावे.

आम्ही सध्या ५२४२८७वर आहोत. सतरापैकी सहा पायऱ्या झाल्या आहेत, दोन्ही ताळ्यांसकट. सोळाव्या पायरीला १०२४ यायला हवेत, जमा किंवा नावे. सई म्हणते जमा, मी नावे धरले आहेत. पुढच्या गुरुवारी सातवी पायरी.